भट्टीशेजारून: नांगराचं पोलाद

गेल्या अंकात बोलण्याच्या ओघात लिहून गेलो की, नांगराचा फाळ ओतून घेण्याच्या भानगडीत पडू नका. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांचा सूर एकच: "नाना, आयुष्यभर पोलाद ओतलंत आणि आता आम्हाला नको म्हणता?" नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत पस्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी नांगराच्या नि ट्रॅक्टरच्या जॉबवर. म्हणूनच म्हणतो. या वेळी पंप-मोटारीची पत्रं मागे ठेवली आहेत, त्यांनी राग मानू नये.

सिन्नर तालुक्यातून एक तरुण लिहितो: "आयटीआयला मोल्डरचा ट्रेड केला. मामांची बीडाची (कास्ट आयर्नची) फाउंड्री बंद पडली आहे, पण कुपोला भट्टी धड आहे, पॅटर्नही (वाळूत ठसा उठवायचे नमुने) शेडमध्ये पडून आहेत. पलटी नांगराचे फाळ आणि बाकीचे पोलादी पार्ट ओतायचा विचार आहे. कुपोलात पोलादाचं भंगार टाकलं तर पोलाद मिळेल ना? वाळू गोदावरीची घेतली तर स्वस्तात बसेल."

तुला तू म्हणतो, नातवाच्या वयाचा आहेस. कुपोलातून पोलाद निघत नाही. रुळाचं भंगार टाक, सळईचं टाक, खाली येईल ते बीडच. कुपोलात लोखंड वितळलं की लालबुंद कोकवरून थेंबाथेंबानं उतरतं आणि उतरता उतरता कोकमधला कार्बन पिऊन घेतं. रुळात पाऊण टक्क्याच्या आसपास कार्बन असतो. तळाला जाईपर्यंत तो तीन टक्क्यांवर पोचलेला असतो, आणि तीन टक्के कार्बनवाल्या लोखंडालाच आपण बीड म्हणतो. शिवाय बीड १२०० अंशांच्या आसपास पातळ होतं. पोलादाला वितळायलाच १५०० लागतात, आणि साच्याच्या टोकापर्यंत ते वाहतं राहायचं तर भट्टीतून १६०० च्या पुढे काढावं लागतं. ते काम इंडक्शन भट्टीचं. टनामागे सहाशे-साडेसहाशे युनिट वीज जाते, तेव्हा मामांना भट्टीचं कोटेशन दाखवण्याआधी विजेचा हिशोब दाखव.

आता वाळू. आपला सगळा मुलूख काळ्या दगडाचा, बेसाल्टचा, आणि गोदावरीची वाळू म्हणजे त्याच दगडाचा चुरा. हा दगड बाराशे अंशांच्या आसपास स्वतःच पाघळतो. त्यावर पंधराशेच्या वरचं पोलाद ओतलंस तर काय होईल ते मी पाहिलं आहे. नवीन कामाला लागलो होतो. पावसाळ्यात सिलिका वाळूचा ट्रक घाटात अडकला आणि मी शहाणपणा करून, उस्तादांना न विचारता, साच्याच्या मागच्या भरावात नदीची वाळू मारली. पुढे सिलिकाचा थर होताच, पण एका कोपऱ्यात तो बोटभरसुद्धा नव्हता. पेटी फोडली तर त्या कोपऱ्यावर बाटलीच्या काचेसारखा हिरवट-काळा थर, जॉबला, म्हणजे ओतलेल्या तुकड्याला, असा चिकटलेला की जणू त्याचीच कातडी. उस्ताद एक शब्द बोलले नाहीत. छिन्नी-हातोडा माझ्या हातात दिला आणि चहाला गेले. दोन दिवस तोडत बसलो होतो. सिलिका वाळू कोकणातून येते, सिंधुदुर्गात कासार्डे-फोंड्याकडून, आणि वाहतूक धरून जो भाव पडतो तो द्यायचाच.

तिसरी गोष्ट तू विचारलेली नाहीस, पण पैसे तिथेच बुडतील. शेडमधले पॅटर्न. ते बीडाच्या आटीवर केलेले आहेत. बीड थंड होताना साधारण एक टक्का आटतं, पोलाद दोन टक्के. म्हणजे ३०० मिलिमीटरचा जॉब हवा तर बीडाला पॅटर्न ३०३ चा, पोलादाला ३०६ चा. मामांच्या पॅटर्नवर पोलाद ओतलंस तर प्रत्येक जॉब तीन मिलिमीटरनं आखूड येईल आणि बोल्टाची भोकं कशाला कशी जुळणार नाहीत. दुकानदार माल परत करेल, आणि तू मशिनिंगवाल्याशी भांडत बसशील.

आटण्यावरून आणखी एक. साचा पाणकाच (सोडियम सिलिकेट) आणि कार्बन डायऑक्साइड गॅसवर केलास तर तो दगडासारखा होतो. आतला कोअरही, म्हणजे पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवलेला वाळूचा गोळाही, तसाच. बाहेरून पोलाद आवळायला लागतं, कोअर हलायला तयार नाही, मग जॉब लाल असतानाच आतल्या कोपऱ्यात फाटतो. त्यावर जुना उपाय म्हणजे कोअरच्या वाळूत साखर कारखान्याची मळी मिसळायची, दीड-दोन टक्के. धातूच्या उष्णतेनं ती जळून जाते आणि कोअर आतून भुसभुशीत होतो. आणि पॅटर्नच्या आतल्या कोपऱ्यांना गोलाई दे. सुतार काटकोन छान करून देतो, त्याचं कौतुक कर आणि तो काटकोन मेणानं बुजव.

मग ओतायचं काय? पलटी नांगराचा फाळ, माती पलटणारा पत्रा आणि सरीच्या भिंतीला घासत जाणारी पट्टी, हे तिघं ज्या वेड्यावाकड्या जाड तुकड्यावर बसतात, तो. कारखान्यात त्याला फ्रॉग म्हणतात, बेडकासारखा बसलेला दिसतो म्हणून असेल. तीन बाजूंना तीन कोन, भोकं, मध्ये जाडी. पत्रा कापून-वाकवून तो होत नाही, वेल्ड करून केला तर सांधे जास्त. तो ओतावाच. फाळाचं उलट आहे. तो लांब, पातळ, एका जाडीचा. रोलिंग मिलमधून आलेल्या पट्टीतून तो कापून, गरम वाकवून, पाणी देऊन होतो आणि ओतीव फाळापेक्षा चिवट राहतो. पातळ पात्यात पोलाद अर्ध्या वाटेत गोठतं, आणि पोचलंच तर वाकडं येतं. जिथं आकार अवघड तिथं ओतकाम, जिथं धार तिथं घडीव. गेल्या अंकात मला एवढंच म्हणायचं होतं.

मामांची कुपोला मात्र मोडीत काढू नकोस. कडबाकुट्टीची चाकं बीडाचीच लागतात आणि आपल्या जिल्ह्यात जनावरं काही कमी नाहीत.

चांदवडहून एक शेतकरी: "पलटी नांगराचा तोच मधला जाड तुकडा दुसऱ्याच हंगामात बोल्टाच्या भोकाजवळ मोडला. दुकानदार म्हणतो, तुम्ही दगडावर घातला. मोडल्या जागी आत बोट जाईल एवढी पोकळी आहे. फोटो पाठवतो. दोष कुणाचा?"

दादा, फोटो चांगला काढलात. दगड निर्दोष आहे.

पोकळी दोन जातीची असते आणि दोन्हींचा बाप वेगळा. एक गोल, आतून गुळगुळीत, चकचकीत, चुरमुऱ्याच्या आतल्या हवेसारखी. ती वायूची. वाळू ओली होती, किंवा रसात शेवटी ॲल्युमिनियम कमी पडलं. (टनाला साधारण एक किलो टाकतात, रसातला ऑक्सिजन धरून ठेवायला.) दुसरी वेडीवाकडी, काळपट, आतून खरबरीत. भिंगातून पाहिलीत तर त्या खरबरीत भिंतीवर बारीक बारीक झाडं उगवलेली दिसतात, खोड, फांद्या, उपफांद्या. गोठणाऱ्या पोलादाचे ते स्फटिक. आजूबाजूचा रस आटून निघून गेला आणि ही झाडं उघडी पडली. तुमच्या फोटोत ती झाडं आहेत.

हे होतं कसं? पोलाद पातळाचं घट्ट होताना आकारमानानं तीनेक टक्के कमी होतं. पातळ भाग आधी गोठतात, जाड भाग शेवटी. शेवटी गोठणाऱ्याला वरून रस पाजायला कुणी हवा. त्यासाठी जाड भागाच्या डोक्यावर रसाची एक टाकीच ठेवतात, रायझर. तो जॉबच्याही नंतर गोठला पाहिजे. रायझर लहान पडला की तोच आधी गोठतो, आणि जाड भाग तहानलेला राहतो. पोकळी तिथंच, आत, बाहेरून काही कळत नाही. रायझर पुढे कापून टाकायचा असतो, म्हणून पोलादाच्या फाउंड्रीत १०० किलो ओतलं तर पन्नास-साठ किलोच विकण्याजोगं हाती लागतं. मालकाच्या डोळ्यांत ते सलतं. मालकाच्याच नाही, कधी सुपरवायझरच्याही.

सुपरवायझर मीच होतो. १९९४ सालचा फेब्रुवारी, १२० फ्रॉगची ऑर्डर, गिऱ्हाईक रोज फोन करणार. पाचशे किलोच्या हीटमध्ये, म्हणजे भट्टीच्या एका घाण्यात, आणखी तीन जॉब बसावेत म्हणून मी रायझर दीड इंचानं उतरवला. वरून माल सुरेख दिसला. ग्राइंडिंग झालं, रंग झाला, गेला. एप्रिलात भर दुपारी एक शेतकरी फाउंड्रीच्या गेटवर आला, गोणपाटात तुकडे बांधून. नांगर विकणाऱ्यानं हाकलून दिल्यावर तुकड्यावरचं आमचं चिन्ह विचारत विचारत पोचला होता. माझ्या टेबलावर गोणपाट सोडलं आणि म्हणाला, "साहेब, किलोवर पैसे घेतले ना? मग ही आतली हवा कुणाच्या वजनात धरली?"

मला काही बोलता आलं नाही. त्या ऑर्डरमधला जेवढा माल परत मिळाला तेवढा आणला, एकेक फ्रॉग करवतीवर उभा कापला. निम्म्याहून जास्त जॉबमध्ये भोकाशेजारी झाडं. वाचवलेल्या रसाच्या कितीतरी पट पैसे गेले, ते असो. त्या शेतकऱ्याला बदली तुकडा मी स्वतः बसवून दिला. त्यानं चहा घेतला नाही.

तुमच्या बाबतीत एवढं करा. तुकड्यावर कुठंतरी उठावाचे आकडे असतील, हीट नंबर. रंग खरवडून बघा. तो नंबर आणि पोकळीचा फोटो दुकानदाराला नाही, बनवणाऱ्याला पाठवा. ज्याची फाउंड्री धड आहे तो वाद घालणार नाही. आणि एक प्रश्न तुम्हालाही, खरं सांगा: शिअर बोल्ट तुटतो म्हणून कुणी त्या जागी कडक बोल्ट तर बसवला नाही ना? तो बोल्ट तुटण्यासाठीच असतो. तो तुटला नाही की दुसरं काहीतरी तुटतं, चांगलं ओतलेलंसुद्धा. फक्त मग मोडल्या जागी सगळीकडे सारखा, कोरा, चमकदार दाणा दिसतो. पोकळी नाही.

निफाडहून: "आमच्याकडे एक विक्रेता मँगनीज पोलादाचे ओतीव फाळ दुप्पट भावानं देतो. खडी क्रशरचे जबडे याच पोलादाचे असतात म्हणतो, जन्मभर झिजणार नाहीत. घ्यावेत का?"

जबड्याचं खरं आहे, जन्मभराचं नाही. हे पोलाद रॉबर्ट हॅडफिल्ड या इंग्रज माणसानं १८८२ मध्ये शोधलं. सव्वा टक्क्याच्या आसपास कार्बन, बारा-तेरा टक्के मँगनीज. गंमत अशी की, भट्टीतून काढून पाण्यात बुडवलं की बाकीचं पोलाद कडक होतं आणि हे नरम पडतं. ते कडक होतं मार खाऊन. क्रशरमध्ये दगडाचे दणके बसतात, वरचा थर कठीणपणाच्या मापानं दोनशे ब्रिनेलवरून पाचशेपर्यंत चढतो. रेल्वेच्या क्रॉसिंगलाही म्हणूनच वापरतात. तुमच्या निफाडच्या काळ्या रानात फाळाला दणका कुठला? तिथं नुसतं घासणं. मार नाही म्हणजे कडकपणा नाही, आणि दुप्पट पैसे देऊन तुम्ही नरम फाळ घेतलात.

परीक्षा सोपी आहे. खिशात लोहचुंबक घेऊन जा. खरं मँगनीज पोलाद चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर विक्रेता खोटं बोलतो म्हणून घेऊ नका, नाही चिकटलं तर खरं बोलतो म्हणून घेऊ नका.

चिकट काळ्या मातीत तुमची खरी गरज कठीणपणापेक्षा गुळगुळीतपणाची आहे. अमेरिकेत इलिनॉयच्या काळ्या मातीत बीडाचे नांगर असेच लडबडायचे, दर काही पावलांवर थांबून माती खरवडावी लागे. १८३७ मध्ये जॉन डीअर नावाच्या लोहारानं मोडक्या करवतीच्या पात्याचा, घासून चकचकीत केलेला नांगर बनवला. त्याला माती धरत नव्हती. पुढं त्याचं केवढं झालं ते तुम्ही हिरव्या ट्रॅक्टरवर रोज वाचता. तेव्हा नांगरट संपली की फाळ आणि पलटणारा पत्रा धुवा, पुसा, जुनं इंजिन ऑइल चोपडा. चार महिने उघड्यावर ठेवून गंज चढला की पहिले दोन दिवस माती चिकटते आणि लोक डिझेलच्या नावानं बोटं मोडतात.

येवल्याहून एक ज्येष्ठ वाचक: "आजोबांचा बैलाचा लोखंडी नांगर होता. फाळ बीडाचा. गावातले बाकीचे लोक लाकडी नांगराचा फाळ लोहाराकडून शेवटून (टोक तापवून-ठोकून) आणत, आजोबा कधी गेल्याचं आठवत नाही. तरी धार असायची. हे कसं?"

आबा, तुमची आठवण बरोबर आहे. तो फाळ चिल्ड बीडाचा असणार. साच्याच्या तळाशी वाळूऐवजी लोखंडी पाट ठेवतात. त्यावर रस पडला की खालची बाजू एकदम गार होते आणि काचेसारखी पांढरी, कठीण गोठते. वरची बाजू वाळूत सावकाश थंड होऊन करडी, मऊ राहते. शेतात वरची बाजू लवकर झिजते, खालची टिकते, म्हणजे पुढं कडक थराची पातळ कड सतत उघडी पडत राहते. फाळ झिजता झिजता स्वतःला पाजवतो. इंग्लंडात रॉबर्ट रॅन्सम यानं १८०३ मध्ये याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केले, तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून लोक हात लावत नव्हते. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि मग चित्र पालटलं. तुमचे आजोबा लवकर पटलेल्यांपैकी दिसतात.

तोच फाळ आज ट्रॅक्टरला लावाल तर पहिल्या गोट्याला दोन तुकडे होतील. बैल दगड लागला की थांबतो. आणि सिन्नर-चांदवडच्या मुरमात गारगोटी आहे, ती तर पाणी दिलेल्या पोलादालाही ओरखडते.

ओझरहून, फॅब्रिकेशनचं दुकान चालवणाऱ्या एक ताई: "तडा गेलेले फ्रॉग वेल्डिंगला येतात. भरून दिले की शेजारीच नवा तडा जातो. गिऱ्हाईक आमच्या नावानं ओरडतं."

ताई, आधी ग्राइंडर लावून ठिणगी बघा. बीडाची आखूड, मळकट लाल, चाकाजवळच विझते. पोलादाची लांब, पिवळी-पांढरी. बीड निघालं तर काम घेऊ नका, माझं ऐका. पोलाद असेल तर तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा, नाहीतर तडा पुढे पळतो. तडा मुळापर्यंत व्ही आकारात खणून काढा. वरवर भरून उपयोग नाही. मग जॉब दीडशे-दोनशे अंशांपर्यंत गरम करा, थुंकी उडेल इतका. ७०१८ ची कांडी ओव्हनमधून काढलेली, टपरीवरच्या पिशवीत पावसाळाभर पडलेली नको. भरून झालं की चुन्याच्या कोरड्या पुडीत किंवा राखेत रात्रभर पुरून ठेवा. घाईचं गिऱ्हाईक बादलीत बुडवायला सांगेल. नवा तडा त्या बादलीतूनच येतो. आणि नवीन तुकडे विकत घ्याल तेव्हा आयएस १०३० या भारतीय मानकाचं पोलाद मागा, प्रतीच्या आकड्यापुढे डब्ल्यू असलेलं. ते वेल्डिंगला चालतं.

दिंडोरीहून: "आमचाही तुकडा मोडला आहे. फोटोत नीट दिसत नाही. मासिकाच्या पत्त्यावर पाठवला तर बघाल का?"

बघतो की. पण मोडलेले दोन तुकडे एकमेकांवर जुळवून बघू नका. सगळे बघतात, मुलं तर दहादा. त्यानं दाणा घासला जातो आणि मला वाचायला काही उरत नाही. धुऊ नका, तारेचा ब्रश तर नकोच. माती लागली असेल तर असू दे. मोडक्या बाजूंवर तेलाचा हलका हात फिरवा, दोन्ही तुकडे वेगवेगळ्या कागदात गुंडाळा आणि कुठला आधी जमिनीत शिरत होता ते खडूनं लिहा.